घोडा का थांबवला?

आपल्याकडे लहान मुलांना एक जुने कोडे घालतात. भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून! बी.ए.च्या वर्गात म्हणी, उखाणे, कोडी असा लोकवाङ्मयाचा भाग शिकवताना मी हे कोडे दरवर्षी घालतो. चिकोडी, रायबागकडची मुले चटकन उत्तर देतात. बेळगाव शहरातली मुले जरा विचारात पडतात, कारण त्यांनी घोडा पाहिला तो लग्नाच्या वरातीत, नाहीतर मोबाईलवर.

यंदा हे कोडे आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी उलटे करून माझ्यापुढे ठेवले. हे डॉक्टर माणसांचे नव्हेत. पशुसंगोपन खात्यात तीस वर्षांहून अधिक नोकरी करून ते निवृत्त झाले. उत्तर कर्नाटकातल्या निम्म्याअधिक तालुक्यांचे पाणी प्यायलेले. मराठीत सुरू झालेले वाक्य कन्नडमध्ये संपवायची त्यांची सवय आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ते म्हणाले, ‘‘नोड्री सर, तुमच्या कोड्यात घोडा फिरवला नाही म्हणून अडला. आमच्या नोकरीत मात्र घोडा फिरवला म्हणून रोग पसरला. आम्ही आयुष्यभर एकच काम केलं, वेळेवर घोडा थांबवायचं. आणि त्यासाठीच लोकांच्या शिव्या खाल्ल्या.’’

त्यांचे हे बोलणे डोक्यातून जाईना. म्हणून आजचे सदर या थांबवण्याच्या कामाविषयी.

प्रथम कुणी विचारील, आता घोडे उरलेत तरी किती? प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार सगळ्या देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार, गाढवे सव्वा लाखाच्या आसपास आणि खेचरे ८४ हजार. २०१२ च्या गणनेशी तुलना केली, तर तिन्ही मिळून संख्या निम्म्याहून खाली आली. आपल्या शहरातला टांगा गेला, त्याबरोबर नालबंद गेला, तोबरे शिवणारा गेला, खरारा करणारा मोतद्दार गेला. हे शब्दसुद्धा आता मुलांना फळ्यावर लिहून समजावून द्यावे लागतात.

पण घोडा गेला असे म्हणता येत नाही. तो फक्त आपल्या रोजच्या नजरेआड गेला. मेंढरांच्या कळपामागून संसार पाठीवर घेऊन चालणारे धनगरांचे, कुरुबांचे तट्टू आजही रस्त्यात दिसते. वीटभट्टीवर गाढवे आहेत. जत्रेत घोडागाडीच्या शर्यती आहेत, वरातीत नवरदेवाला मिरवणारा पांढरा घोडा आहे. दूरवर नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याचा आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावचा घोडेबाजार भरतो. गाढवांचा बाजार जेजुरीला भरतो. म्हणजे जनावरे कमी झाली, पण त्यांचा प्रवास कमी झाला नाही. उलट पूर्वी टांग्याचा घोडा गावातल्या गावात फिरे. आता तो टेम्पोत चढवला की एका रात्रीत दोन राज्ये ओलांडतो. रोगाला यापेक्षा सोयीचे वाहन कोणते?

एक गंमत सांगतो. आज सरकारी दवाखाना म्हटला की डोळ्यांसमोर गाय-म्हैस येते. पण हिंदुस्थानात सरकारी पशुवैद्यकाचा पाया बऱ्याच अंशी घोड्यासाठी घातला गेला. इंग्रजांच्या फौजेचे घोडदळ, तोफा ओढणारे घोडे, डाकेचे घोडे. घोडा आजारी पडला की राज्यच लंगडे होई. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात ‘सर्रा’ या रोगाचा जंतू पाहिला. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. १८८९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ‘इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. तिचे पहिले प्रमुख अल्फ्रेड लिंगार्ड यांनी याच सर्रावर बरेच काम केले. आपले बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे हा इतिहास काही परका नाही.

याच काळात १८९९ साली एक कायदा झाला, ‘ग्लँडर्स अँड फार्सी ॲक्ट’. फक्त एका रोगासाठी आणि फक्त घोड्याच्या जातीच्या जनावरांसाठी! निरीक्षकाने कुठल्याही पागेत शिरावे, संशयित घोडा ताब्यात घ्यावा, रोग ठरला तर तो मारून टाकावा, इतके अधिकार त्यात होते. ११० वर्षांनी, २००९ साली, जनावरांच्या सगळ्याच सांसर्गिक रोगांसाठी संसदेने नवा कायदा केला आणि हा जुना कायदा त्यात विसर्जित झाला. कायदा गेला, पण रोग गेला नाही.

ग्लँडर्स म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला साध्या शब्दांत सांगितले, तसेच लिहितो. हा जिवाणूचा रोग आहे. घोड्याच्या एका किंवा दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट, पिवळसर शेंबूड वाहतो. नाकात आतून फोड येतात, ते फुटून जखमा होतात. फुप्फुसात गाठी होतात. कधी पायावर, पोटाखाली कातडीवर दोरीसारख्या ओळीत गाठी उठतात आणि फुटतात. कातडीच्या या प्रकाराला फार्सी म्हणतात. गाढव आणि खेचर यांना झाला तर ते थोड्याच दिवसांत मरते. घोडा मात्र महिनोन्‌महिने रोग अंगात घेऊन काम करीत राहतो. वरून धडधाकट दिसतो, वरातीत नाचतोही. त्याच्या तोबऱ्यात दुसऱ्या घोड्याला चंदी घातली, त्याच्या डोणीत दुसरा घोडा पाणी प्यायला, की रोग पुढे सरकला.

आणि खरी भीती पुढेच आहे. हा रोग माणसालाही होतो आणि माणसासाठीही तो जीवघेणा ठरू शकतो. जनावराची निगा राखणारा, त्याच्या नाकाजवळ रोज हात असलेला माणूस सर्वांत आधी धोक्यात असतो. या जंतूची दहशत अशी, की पहिल्या महायुद्धात जर्मन हेरांनी शत्रूकडे पाठवल्या जाणाऱ्या घोड्या-खेचरांना तो मुद्दाम टोचला होता. यावर लस नाही. औषध दिले तर लक्षणे दबतात, पण जंतू अंगात राहतो आणि घोडा गुपचूप रोग वाटत फिरतो. म्हणून रोगी जनावरावर उपचार करायचे नाहीत, त्याला वेदना न देता मारायचे, हाच जगभरचा नियम आहे. ब्रिटनने याच मार्गाने १९२८ पर्यंत हा रोग आपल्या भूमीवरून घालवला.

आपल्या देशात मधली काही वर्षे तुरळक प्रकरणे सोडली, तर हा रोग विस्मरणात गेला होता. २००६-०७ मध्ये त्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पुन्हा डोके वर काढले. तेव्हापासून कधी उत्तर प्रदेश, कधी गुजरात, कधी हरियाणा असा तो अधूनमधून उगवतो. २०२४ साली बेंगळुरूतही एका घोड्यात तो सापडला. म्हणजे आपल्या राज्याच्या राजधानीपर्यंत तो येऊन गेला आहे.

आता असा घोडा आपल्या तालुक्यात सापडला, तर सरकारी डॉक्टर काय करतो? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, आला, सुई टोचली, गेला. प्रत्यक्षात ते एका लग्नघराइतके काम असते, फक्त आनंद वजा करून!

आधी रक्ताचा नमुना. तो बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचा. पहिली चाचणी संशय सांगते, खात्रीची चाचणी हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. हे केंद्र १९८५ साली स्थापन झाले आणि देशभरच्या घोड्यांच्या रोगांचा शेवटचा शब्द तिथला असतो. एका चाचणीवर जनावराचा जीव ठरवायचा नाही, हा संयम फार मोलाचा. पण त्यामुळेच मधले दिवस कठीण जातात. तोवर घोडा एकटा बांधायचा. त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, माणूसही एकच.

अहवाल आला की सरकार तो भाग रोगग्रस्त म्हणून जाहीर करते. २०१९ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात रोग सापडलेल्या ठिकाणाभोवती ५ किलोमीटरचा भाग रोगग्रस्त आणि त्यापुढे २५ किलोमीटरपर्यंतचा भाग पाळतीचा मानला जाई. २०२५ च्या सुधारित आराखड्यात ही वर्तुळे लहान करून २ किलोमीटर आणि २ ते १० किलोमीटर अशी केली आहेत. आतल्या वर्तुळातला एकही घोडा, गाढव, खेचर बाहेर जायचे नाही, बाहेरचे आत यायचे नाही. बाजार, शर्यत, वरात, सगळे बंद. मग घरोघर फिरून जनावरांची मोजदाद करायची, रक्त काढायचे. काही आठवड्यांनी पुन्हा काढायचे. मालकाच्या घरच्यांची तपासणी आरोग्य खात्याकडून करवून घ्यायची. रोगी जनावरासाठी गावाबाहेर, विहिरीपासून दूर खोल खड्डा घ्यायचा, चुना आणायचा. महसूल खाते, पोलीस, ग्रामपंचायत यांना एका दोरीत ओवायचे. आणि हे सगळे करीत असताना तालुक्यातल्या म्हशी काही व्यायच्या थांबत नाहीत, लाळ्या-खुरकुताची लसीकरण मोहीम काही पुढे ढकलली जात नाही.

‘‘यातलं सगळ्यांत अवघड काय?’’ मी विचारले.

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘घोड्याला सुई टोचायला दोन मिनिटं लागतात, सर. मालकाला समजावायला दोन दिवस. आमची सगळी नोकरी त्या दोन दिवसांत असते.’’

त्यांनी वीटभट्टीवरच्या एका कुटुंबाची हकिकत सांगितली. गावाचे नाव त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या कुटुंबाकडे चार गाढवे होती. एका गाढवाच्या नाकातून घाण वाहत होती, ते चार दिवसांत मेले. दुसऱ्याचे रक्त तपासणीत दोषी निघाले. पण ते गाढव खात होते, विटा वाहत होते. घरधनी म्हणाला, ‘‘चालत्या जनावराला मारताय? यावर माझी चूल पेटते.’’ सरकारी नोटीस कन्नडमध्ये होती. त्याला बोली मराठी तेवढी येत होती, वाचता दोन्ही येत नव्हते. कागद पाहूनच तो घाबरला. त्याला वाटले, आपल्यावर खटला भरला. त्या रात्री तो उरलेली जनावरे घेऊन नदीपलीकडे निघून जाण्याच्या बेतात होता. गेला असता, तर रोगही त्याच्याबरोबर गेला असता.

डॉक्टर संध्याकाळी पुन्हा भट्टीवर गेले. गणवेशातला शिपाई बरोबर नेला नाही. त्याच्या बायकोशी बोलले. तिच्या कडेवर मूल होते आणि तेच मूल दिवसभर गाढवांत खेळत असे. डॉक्टर तिला म्हणाले, ‘‘ताई, हा रोग जनावरावर थांबत नाही. लेकराच्या नाकात गेला तर मी गुरांचा डॉक्टर काही करू शकणार नाही.’’ एवढे एकच वाक्य, तिच्या भाषेत. पहाटे नवऱ्याने स्वतः गाढव आणून बांधले. ‘‘ते मारताना,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘तो शेवटपर्यंत त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहतो म्हणाला. मी राहू दिलं नाही. रोगाच्या जवळ कसं राहू देणार? ते मात्र त्याला फार लागलं. मलाही.’’

वाचकहो, कायद्याच्या पुस्तकात या पहाटेला कलम नाही. पण रोगनियंत्रण यशस्वी होते की नाही, ते याच ठिकाणी ठरते.

इथे भरपाईचा प्रश्न येतो. गेल्या दशकात केंद्र-राज्य योजनेतून ग्लँडर्समुळे मारलेल्या घोड्यामागे २५ हजार आणि गाढव-खेचरामागे १६ हजार रुपये भरपाई दिली जात होती. गाढववाल्याला ही रक्कम आधार देते. पण घोडेबाजारात चांगला घोडा काही लाखांना जातो. त्याच्या मालकाने नाक वाहणारा घोडा आपण होऊन सरकारला दाखवावा अशी अपेक्षा असेल, तर आकड्याकडेही बघायला हवे आणि तो आकडा हातात पडायला किती महिने लागतात, त्याकडेही. २००९ च्या कायद्याने रोगाची खबर देणे मालकाचे कर्तव्य ठरवले. कर्तव्य खरेच. परंतु जो प्रामाणिकपणे सांगतो तो बुडतो आणि जो रातोरात विकून मोकळा होतो तो तरतो, अशी स्थिती असेल, तर कर्तव्य कागदावरच राहील. भरपाई ही दया नव्हे. सगळ्या गावाच्या सुरक्षिततेसाठी एका माणसाने आपले जनावर दिले, त्याची ती किंमत आहे. ती पुरेशी आणि वेळेवर मिळणे हा रोगनियंत्रणाचाच भाग आहे, जसा चुना आणि खड्डा.

प्रत्येक साथीत जनावर मारावे लागते असे मात्र नाही. घोड्यांचा फ्लू घ्या. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर लस आहे, आणि विश्रांती मिळाली तर बहुतेक घोडे बरे होतात. पण तो पसरतो वाऱ्यासारखा. भारतात १९८७ साली त्याची मोठी साथ आली. पुन्हा २००८ मध्ये जम्मूजवळ कटरा येथे, वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहणाऱ्या घोड्यांत सुरू होऊन ती अनेक राज्यांत गेली. अगदी अलीकडे, २०२५ च्या वसंतात उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात हा फ्लू आढळला. केदारनाथची यात्रा तोंडावर आली होती. हजारो घोड्या-खेचरांची तपासणी झाली. मे महिन्यात दोन दिवसांत वाटेवर १४ जनावरे दगावली, तेव्हा सरकारने त्यांची वाहतूक एक दिवस बंद केली आणि हिसारहून तज्ज्ञ बोलावले. एक दिवस म्हणजे आपल्याला काहीच नाही. पण यात्रेच्या काही महिन्यांच्या कमाईवर ज्याचे वर्ष निघते, त्या खेचरवाल्याला विचारा!

फ्लूच्या बाबतीत सरकारी यंत्रणेचे चुकणे आणि सावरणे दोन्ही पाहायचे असेल, तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. २००७ च्या ऑगस्टपर्यंत त्या देशाने घोड्यांचा फ्लू पाहिलाच नव्हता. परदेशातून आलेले घोडे सिडनीजवळ ईस्टर्न क्रीक येथील सरकारी विलगीकरण केंद्रात ठेवले होते. तिथून विषाणू बाहेर निसटला. सरकारने देशभर घोड्यांची हालचाल जागच्या जागी थांबवली. प्रदर्शनाला, शर्यतीला, सहलीला गेलेले लोक आपापल्या घोड्यांसह जिथे होते तिथे अडकले. न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांत मिळून सुमारे १० हजार ठिकाणी रोग पोचला. परंतु बाकीची राज्ये वाचली. नकाशावर रंगांचे पट्टे आखून, लसीकरण करून, वर्ष संपता संपता त्यांनी साथ संपवलीसुद्धा. नंतर निवृत्त न्यायमूर्ती इयान कॅलिनन यांनी चौकशी केली. विषाणू बाहेर कसा पडला? बहुधा एखाद्या माणसाच्या अंगावरून, कपड्यांवरून वा हत्यारावरून. केंद्रातून बाहेर पडताना अंघोळ करावी, कपडे बदलावेत, हा साधा नियम नीट पाळला जात नव्हता. इतका श्रीमंत देश, इतकी यंत्रणा, आणि दार उघडे राहिले ते न्हाणीघराचे! आपल्या आज्या बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत, ते मला आठवले.

आता जरा घराकडे येऊ. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे रिंगणात धावणारे मानाचे अश्व येतात कुठून, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून. दरवर्षी हे अश्व कृष्णाकाठ सोडून पायी आळंदीला जातात. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या सोहळ्याचा घोडा कर्नाटकातून चालत निघतो. वाटेत गावोगाव लोक त्यांना हात लावून नमस्कार करतात, रिंगणात त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. यात भिण्याजोगे काही नाही, हे अश्व नीट सांभाळलेले असतात. मला सांगायचे आहे ते वेगळेच. घोडा आपल्या सीमाभागात नेहमीच दोन्ही बाजूंचा राहिला आहे. रोगही तसाच दोन्ही बाजूंचा असणार.

कागवाडभोवती १० किलोमीटरचे वर्तुळ काढून बघा. त्यात दोन राज्ये येतात, दोन पशुखाती, दोन भाषांतले आदेश. इकडच्या डॉक्टरने दोरी आवळली आणि तिकडच्याला चार दिवसांनी पत्र पोचले, तर दोरीचा उपयोग काय? डॉक्टर म्हणाले, त्यांच्या काळात कागदी पत्रव्यवहार यथावकाश होई, पण खरे काम होई ते पलीकडच्या तालुक्यातल्या डॉक्टरला थेट फोन करून. दोघेही दोन्ही भाषा जाणणारे. ‘‘सरकारचं पत्र उद्या येईल,’’ एकाने म्हणायचे, ‘‘तू आज बाजार बघून घे.’’ अशी ओळख असणाऱ्या अधिकाऱ्यांवर साथीचा अटकाव अवलंबून राहावा, हे त्या माणसांना भूषण आहे, व्यवस्थेला नाही. दोन्ही राज्यांच्या सीमावर्ती तालुक्यांसाठी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतली एकच छापील सूचना आधीच तयार ठेवायला खर्च तो कितीसा येणार?

आणि इथेच आपल्यासारख्या दुभाषी घरांचे काम सुरू होते. आपण घोडे पाळत नाही, हे खरे. पण आपल्या गल्लीच्या टोकाशी कुणीतरी पाळतो. त्याच्या हातातला कागद आपल्याला वाचता येतो. ‘हा खटला नाही, ही सूचना आहे, यात भरपाईसाठी अर्ज करायला सांगितला आहे’ एवढे त्याच्या भाषेत सांगणे, हे त्या दिवशी डॉक्टरच्या सुईइतके मोलाचे ठरू शकते.

आणखी काही साध्या गोष्टी. घरात कार्य असेल आणि वरातीला घोडा ठरवायचा असेल, तर भाड्याबरोबर त्याच्या तपासणीचीही चौकशी करावी. नाक वाहणारा, खोकणारा, अंगावर फुटलेल्या गाठी असलेला घोडा दारात आला तर मुलांना त्याच्याजवळ नेऊ नये. घोडेवाल्याला हाकलून देऊ नये, दवाखान्यात कळवावे. हाकललेला घोडा पुढच्या गल्लीत जातो, इतकेच! एका बादलीत चार जनावरांना पाणी पाजू नये, हे भट्टीवाल्यांना, धनगरबांधवांना ओळखीने सांगावे. पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा पसरतो, तेव्हा वारंवार ताप येणारे, खंगत चाललेले तट्टू दिसले तर तेही डॉक्टरला दाखवावे. सर्रावर औषध आहे, वेळेत गेले तर जनावर वाचते. फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी १९६२ हा क्रमांक कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही. निदान या एका बाबतीत दोन्ही राज्यांचा आकडा जुळला!

निघताना मी डॉक्टरांना विचारले, ‘‘इतकी वर्षं हे काम केलंत. लोकांना त्यातलं काय आठवतं?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘गाभण म्हैस वाचवली, ते घर अजून दिवाळीला फराळ पाठवतं. पण जो रोग आलाच नाही, त्याचे आभार कोण मानणार, सर? आणि मानू नयेतच. लोकांना आमची आठवण आली नाही, म्हणजे काम बरं झालं.’’

मला मात्र वाटते, आठवण ठेवायला हवी. डॉक्टरांची तर खरीच, पण त्याहूनही जास्त त्या भट्टीवाल्याची. नदी ओलांडून पळून जाणे त्याच्या हातात होते. तो गेला नाही. चालते-फिरते जनावर त्याने पहाटे स्वतःच्या हाताने आणून बांधले, आणि आपल्यापैकी कुणालाही कळले नाही की त्या पहाटे आपण कशातून वाचलो.